व्हर्च्युअल डिस्कमध्ये ओएस ठेवायची, हलवायची आणि चालवायची कशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच मशीनवर दोन-तीन ओएस (विंडोज, लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिम) पाहिजेत आणि मशीन बदललं तरी त्या सोबत न्यायच्या आहेत, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलंय. फाइल कॉपी करणं सोपं आहे, त्यात कोणी अडकत नाही. लोक अडकतात ते त्या फाइलच्या बाहेर राहिलेल्या गोष्टींमुळे, म्हणजे फर्मवेअर (मशीन चालू झाल्यावर सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर), कंट्रोलर (डिस्क ज्याला जोडलेली असते तो भाग), पेरेंट फाइल (जिच्यावर दुसरी डिस्क फाइल अवलंबून असते), टीपीएम (किल्ल्या जपणारी चिप). म्हणून खाली मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

व्हर्च्युअल डिस्क म्हणजे नक्की काय?

अख्ख्या हार्ड डिस्कचं काम करणारी एक फाइल. तिच्या आत पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) असतं, बूटचा भाग असतो, फाइल सिस्टिम असते, सगळं खऱ्या डिस्कसारखंच, त्यामुळे आत बसलेली ओएस तिला साधी डिस्क समजूनच वापरते. कल्पना तशी जुनीच आहे. आयबीएमच्या सीपी-६७ या सिस्टिममध्ये १९६० च्या दशकातच मेनफ्रेमच्या मोठ्या डिस्कचे भाग पाडून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला 'मिनीडिस्क' द्यायचे. घरच्या पीसीवर ही गोष्ट रुळली ती १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आल्यावर. आणि व्हीएचडी हा फॉरमॅट मुळात मायक्रोसॉफ्टचा नाही बरं का, तो कॉनेक्टिक्सच्या व्हर्च्युअल पीसीमधला, मायक्रोसॉफ्टने ते २००३ मध्ये विकत घेतलं.

मग सरळ पार्टिशन करून ड्युअल बूट (मशीन सुरू करताना दोनपैकी एक ओएस निवडणं) का नको करायचं?

करा की, काही चूक नाही त्यात. पण पार्टिशन त्या डिस्कला चिकटलेलं असतं, उद्या नवा लॅपटॉप घेतला की सगळं पहिल्यापासून. शिवाय चालू पार्टिशन लहान करून जागा काढायची म्हणजे आधी बॅकअप, मग धाकधूक. फाइल असेल तर ती उचलून दुसरीकडे ठेवता येते, प्रयोग करायच्या आधी तिची कॉपी काढता येते, नको झाली तर डिलीट करून टाकता येते आणि बाकीच्या डिस्कला धक्का लागत नाही.

व्हीएम आणि नेटिव्ह बूट, यात फरक काय?

व्हीएममध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, तुमची नेहमीची ओएस चालूच राहते, आणि तिच्यावर व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही किंवा केव्हीएम दुसरी ओएस चालवतं. डिस्क खोटी, रॅम वाटून घेतलेली, ग्राफिक्स कार्डसुद्धा बहुतेक वेळा नकली. नेटिव्ह बूटमध्ये फक्त डिस्क खोटी असते, बाकी सगळं हार्डवेअर खरं. मशीन चालू केलं की मेनूमधून ती फाइल निवडायची आणि विंडोज थेट त्या फाइलमधून सुरू होते, मधे दुसरी ओएस नसते, त्यामुळे पूर्ण रॅम आणि पूर्ण ग्राफिक्स मिळतं.

दोन ओएस एकाच वेळी समोर पाहिजेत, रोज मधे उडी मारायची आहे, तर व्हीएम. जड काम आहे, गेम आहे, एखादं हार्डवेअर थेट वापरायचंय, तर नेटिव्ह बूट. मी स्वतः दोन्ही वापरतो, आणि नवीन माणसाला कायम व्हीएमपासूनच सुरुवात करायला सांगतो, कारण तिथे चूक झाली तर फक्त एक खिडकी बंद करावी लागते.

फॉरमॅट कोणता घेऊ? इतके आहेत की डोकं चालत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर ठरलं की फॉरमॅट जवळजवळ ठरलाच. व्हर्च्युअलबॉक्सचा व्हीडीआय, व्हीएमवेअरचा व्हीएमडीके, क्यूईएमयू-केव्हीएमचा क्यूकाऊ२, मायक्रोसॉफ्टचे व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स. रॉ म्हणजे कुठलंही वेष्टन नसलेली, डिस्कची जशीच्या तशी नक्कल.

व्हीएचडी २०४० जीबीपर्यंतच जाते, व्हीएचडीएक्स ६४ टीबीपर्यंत. व्हीएचडीएक्स विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ सोबत आला, आणि त्यात मेटाडेटाचा (फाइलच्या रचनेच्या माहितीचा) लॉग असतो, म्हणजे मधेच वीज गेली तर फाइलची रचना सहसा मोडत नाही (तुमचा अर्धवट सेव्ह झालेला डेटा मात्र त्याने वाचत नाही, हा गैरसमज खूप आहे). विंडोज ७ ला व्हीएचडीएक्समधून बूट करता येत नाही, तिथे व्हीएचडीच लागते. बाकी विंडोजवर या दोघांतलाच एक निवडायचा असेल तर डोळे झाकून व्हीएचडीएक्स घ्या.

आणि ओव्हीए ही डिस्क नव्हे. ती एक टार फाइल असते, आत व्हीएमडीके आणि व्हीएमचं वर्णन असलेली ओव्हीएफ फाइल. टार उघडणाऱ्या कुठल्याही टूलने उघडून आतली डिस्क बाहेर काढता येते.

फिक्स्ड साइज की डायनॅमिक?

डायनॅमिक म्हणजे सुरुवातीला लहान आणि आत डेटा भरेल तशी वाढणारी, फिक्स्ड म्हणजे पहिल्या दिवसापासून पूर्ण आकाराची. व्हीएमसाठी डायनॅमिक चालते, वेगातला फरक एसएसडीवर रोजच्या कामात जाणवत नाही.

नेटिव्ह बूटमध्ये मात्र एक गोष्ट आहे जी मला आधी कोणी सांगितली असती तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती. मी १०० जीबीची डायनॅमिक डिस्क बनवली, फाइल दिसायला जेमतेम १५ जीबी, ड्राइव्हवर ५० जीबी मोकळे, म्हटलं झालं काम. रीस्टार्ट केलं तर निळी स्क्रीन, व्हीएचडी बूट होस्ट व्हॉल्यूम नॉट इनफ स्पेस. कारण असं की विंडोज नेटिव्ह बूट करताना डायनॅमिक डिस्कसाठी तिचा पूर्ण जाहीर आकार ड्राइव्हवर अडवते, आत कितीही कमी भरलेलं असू द्या. म्हणजे १०० ची डिस्क असेल तर १०० ची जागा पाहिजेच. त्या दिवसापासून नेटिव्ह बूटला मी फिक्स्डच करतो, निदान जागा किती जाणार ते पहिल्यापासून डोळ्यासमोर असतं.

नेटिव्ह बूट सेटअप कसं करायचं, सोप्या शब्दात सांगा ना.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिस्कपार्टमध्ये जाऊन 'क्रिएट व्हीडिस्क' ने फाइल बनवायची (आकार एमबीमध्ये द्यायचा असतो, ६०००० म्हणजे साधारण ६० जीबी), मग सिलेक्ट, अटॅच, आत एक पार्टिशन, एनटीएफएस फॉरमॅट, आणि एक ड्राइव्ह लेटर, समजा व्ही. नंतर विंडोजची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) माउंट करून तिच्या सोर्सेस फोल्डरातली इन्स्टॉल डब्ल्यूआयएम किंवा ईएसडी फाइल डिस्म कमांडच्या अप्लाय-इमेज ने त्या व्ही ड्राइव्हवर उतरवायची. शेवटी बीसीडीबूट कमांडला व्ही ड्राइव्हवरचा विंडोज फोल्डर दाखवायचा, की बूट मेनूत नवीन नोंद तयार.

दोन बारीक गोष्टी. एक, मेनूत दोन्ही विंडोजची नावं सारखीच येऊ शकतात आणि मग कुठली कोणती ते कळत नाही, म्हणून बीसीडीएडिट कमांडने नाव लगेच बदलून घ्या. दोन, आधीपासून असलेल्या विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असेल तर शटडाउन केलेली विंडोज खरं म्हणजे अर्धी झोपलेलीच असते आणि तिच्याच ड्राइव्हवरची फाइल दुसरी विंडोज वापरायला घेते, हे धोक्याचं आहे.

नेटिव्ह बूटमध्ये काय चालत नाही?

हायबरनेट चालत नाही, साधी स्लीप चालते. ज्या ड्राइव्हवर फाइल ठेवलीय तो ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) लॉक केलेला चालत नाही. आणि विंडोजच्या मोठ्या आवृत्तीचं अपग्रेड तिथे अडतं, त्यासाठी तीच फाइल तात्पुरती व्हीएमला जोडून तिथे अपग्रेड करून घ्यावं लागतं. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) व्हर्च्युअल डिस्कच्या आत न राहता बाहेर खऱ्या ड्राइव्हवर तयार होते, तेव्हा तिच्यासाठीही थोडी जागा सोडा.

नेटिव्ह बूटची तीच फाइल व्हीएमला जोडली तर "बूट डिव्हाइस नाही" म्हणतं. फाइल खराब झाली का?

नाही, फाइल ठणठणीत आहे. वर सांगितल्याप्रमाणे बनवलेल्या डिस्कमध्ये फक्त विंडोजचं पार्टिशन असतं, बूट मॅनेजर मात्र तुमच्या खऱ्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइल्सच्या छोट्या भागात) बसलेला असतो. व्हीएमला ती खरी डिस्क दिसतच नाही, मग सुरुवात कोण करणार? उपाय आधीच केला तर बरा. डिस्क बनवताना जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) करा, पुढे एक १०० ते २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन ठेवा, आणि बीसीडीबूट दोनदा चालवा, एकदा खऱ्या डिस्कसाठी आणि एकदा आतल्या ईएफआय पार्टिशनसाठी. मग एकच फाइल दोन्हीकडे चालते, आणि वर म्हटलं ते अपग्रेडही जमतं.

डिस्क दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली आणि आता ओएस सुरूच होत नाही!

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि दहातल्या नऊ वेळा डेटा सुखरूप असतो, तेव्हा आधी शांत व्हा आणि मूळ फाइल डिलीट करू नका.

पहिलं बघायचं ते फर्मवेअर, ते जुनं बायॉस असतं किंवा नवं यूईएफआय. जुनी व्हीएम बायॉसवर होती आणि नवीन यूईएफआयवर बनवली, किंवा उलट, तर काहीच सापडणार नाही. हायपर-व्हीमध्ये जनरेशन १ म्हणजे बायॉस, जनरेशन २ म्हणजे यूईएफआय, आणि जनरेशन २ फक्त व्हीएचडीएक्सच घेते. व्हीएम बनवून झाल्यावर जनरेशन बदलता येत नाही, पण त्यात काय, नवीन व्हीएम बनवायची आणि तीच डिस्क जोडायची.

फर्मवेअर बरोबर आहे तरी लिनक्स सापडत नाही? यूईएफआयमध्ये "कुठली फाइल बूट करायची" ही नोंद डिस्कवर नसते, व्हीएमच्या एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरची सेटिंग्ज साठवायच्या मेमरीत) असते, आणि ती मागेच राहून गेली. नोंद नसेल तेव्हा फर्मवेअर ठरलेल्या एकाच जागी शोधतं, ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ ही फाइल. काही लिनक्स इन्स्टॉलर ती तिथे ठेवत नाहीत. फर्मवेअरच्या मेनूत जाऊन ग्रबची (लिनक्सच्या बूटलोडरची) फाइल हाताने निवडा, एकदा आत गेलात की ग्रब-इन्स्टॉल 'रिमूव्हेबल' पर्यायाने चालवा, पुढच्या वेळी हा त्रास नाही.

विंडोज निम्म्यात येऊन "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" ची निळी स्क्रीन दाखवत असेल तर कंट्रोलर बदललाय. आधी डिस्क साटाला होती, आता व्हर्टआयओला किंवा स्कझीला आहे (ही कंट्रोलरच्या प्रकारांची नावं) आणि तो ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होत नाही. डिस्क परत साटाला किंवा आयडीईला जोडा, चालू होईल. मग व्हर्टआयओच पाहिजे असेल तर माझी आवडती युक्ती अशी, १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओला जोडायची, विंडोज चालू करून तिच्यासाठी ड्रायव्हर टाकायचा, ती डिस्क दिसायला लागली की शटडाउन करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यायची आणि रिकामी काढून टाकायची.

लिनक्समध्ये असाच प्रकार एफएसटॅबमुळे (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीमुळे) होतो, तिथे डेव्ह एसडीए असं लिहिलेलं असेल आणि नवीन ठिकाणी डिस्कचं नाव व्हीडीए झालं की संपलं. हलवायच्या आधीच नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी, ड्रायव्हर असलेली फाइल) फक्त जुन्या हार्डवेअरपुरतंच बनलेलं असेल, फेडोरासारख्या ड्रॅकट (ते बनवणारं टूल) वापरणाऱ्या डिस्ट्रोमध्ये हे होतं, तर रेस्क्यूच्या नोंदीतून बूट करून ते नव्याने बनवून घ्या. नेटवर्क कार्डचं नावही बदलतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३ होतं ते व्हीएमवेअरमध्ये ईएनएस३३ होतं, म्हणून "बूट झालं पण इंटरनेट नाही" असं वाटलं तर आधी ते बघा.

एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात कसं बदलायचं?

क्यूईएमयू-इमेज. हे एक टूल सगळं करतं आणि फुकट आहे. आधी 'इन्फो' चालवून फाइल खरंच कुठल्या फॉरमॅटची आहे ते बघा, नावावर जाऊ नका, मग 'कन्व्हर्ट'. एक गंमत, यात व्हीएचडीला व्हीएचडी म्हणत नाहीत, 'व्हीपीसी' म्हणतात, म्हणजे व्हर्च्युअल पीसी, ते जुनं नाव तसंच राहिलंय, आणि लोक तिथे व्हीएचडी टाइप करून एरर का येतो विचारत बसतात. कन्व्हर्ट करण्याआधी व्हीएम पूर्ण शटडाउन पाहिजे, सस्पेंड किंवा सेव्ह केलेली नको, कारण सेव्ह केलेल्या रॅमची स्थिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही आणि आतली फाइल सिस्टिम अर्धवट राहते. स्नॅपशॉट (डिस्कची मधल्या टप्प्यावर जपलेली स्थिती) असतील तर आधी मर्ज करा.

माझं जुनं मशीनच जसंच्या तसं फाइलमध्ये घेता येईल का?

येतं. विंडोजसाठी सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी आहे, चालू विंडोजमध्येच चालतं, शॅडो कॉपीच्या (चालू डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीच्या) आधारे घेत असल्यामुळे काम थांबवावं लागत नाही. फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करा. आणि तयार झालेली फाइल त्याच मशीनवर माउंट करून बघायचा मोह आवरा, कारण मूळ डिस्कची आणि हिची सिग्नेचर (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असते, विंडोज टक्कर टाळायला हिची सिग्नेचर बदलून टाकते आणि मग ती बूट व्हायला त्रास देते. लिनक्ससाठी लाइव्ह यूएसबीवरून बूट करून डीडी कमांडने रॉ इमेज घ्या, मग वरच्यासारखं कन्व्हर्ट.

डिफरन्सिंग डिस्क आणि स्नॅपशॉट वापरू का?

वापरा, पण नातं समजून. एक पेरेंट फाइल असते जी गोठलेली, आणि एक चाइल्ड ज्यात त्यानंतरचे फक्त बदल. एकच स्वच्छ विंडोज पेरेंट ठेवून तीन वेगळ्या कामांसाठी तीन चाइल्ड करता येतात, जागा खूप वाचते, आणि चाइल्ड बिघडला की फेकून नवा. पण पेरेंटला नंतर हात लावला, नुसतं चालू करून बंद केलं तरी, सगळे चाइल्ड बाद होतात. पेरेंट तयार झाल्या झाल्या ती फाइल रीड-ओन्ली करून टाका, हे काम उद्यावर ढकलू नका. हलवताना पूर्ण साखळी सोबत न्यायची, एकटा चाइल्ड कुठेच चालत नाही. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

यूएसबीवर ठेवून कुठेही चालवता येईल?

येतं, फक्त साधा पेनड्राइव्ह नको, ओएसचं सतत बारीक बारीक लिहिणं त्याला झेपत नाही. यूएसबी ३ ची बाहेरची एसएसडी घ्या. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइलच बसत नाही, "डिस्कवर जागा आहे तरी कॉपी होत नाही" त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. विंडोज टू गो मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढून टाकलं, आता बरेच जण व्हेंटॉय (यूएसबीवरच्या फाइलमधून थेट बूट करणारं टूल) वापरतात. त्यात विंडोजची व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स प्लगिनने चालते, फाइल एनटीएफएसवर पाहिजे. लिनक्ससाठी व्हीएममध्ये फिक्स्ड आकाराच्या डिस्कवर इन्स्टॉल करायचं, आतमध्ये व्हीटॉयबूटची स्क्रिप्ट चालवायची, शटडाउन करायचं, फाइलच्या नावाला डॉट व्हीटॉय जोडून ड्राइव्हवर टाकायची. कर्नल अपडेट झाला की स्क्रिप्ट परत चालवायची, हे बरेच जण विसरतात.

आतून २० जीबी डिलीट केले तरी फाइल लहान का होत नाही?

कारण डिलीट म्हणजे आतल्या फाइल सिस्टिमने फक्त "ही जागा मोकळी" अशी खूण केली, बाहेरच्या फाइलला ते कळलेलं नाही. मोकळी जागा आधी शून्यांनी भरा, विंडोजमध्ये एसडिलीट झेड पर्यायाने, लिनक्समध्ये झिरोफ्री ने, मग बाहेरून कॉम्पॅक्ट करा. हायपर-व्हीला ऑप्टिमाइझ-व्हीएचडी, व्हर्च्युअलबॉक्सला व्हीबॉक्समॅनेजचं मॉडिफायमीडियम कॉम्पॅक्ट. शून्य भरताना डायनॅमिक फाइल तात्पुरती पूर्ण आकाराला जाऊ शकते, बाहेर तेवढी जागा आहे ना बघा.

कॉपी केलेली व्हीडीआय जोडताना "यूयूआयडी आधीच आहे" येतं.

दोन डिस्कचा ओळख क्रमांक एकच झालाय. फाइल मॅनेजरने कॉपी करण्याऐवजी व्हीबॉक्समॅनेजचं क्लोनमीडियम वापरा, ते नवीन क्रमांक देतं.

व्हीएम हलवल्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागतेय, मी तर बिटलॉकर लावलंच नव्हतं!

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केल्यावर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. किल्ली व्हर्च्युअल टीपीएममध्ये असते, आणि व्हर्च्युअल टीपीएम डिस्कच्या फाइलमध्ये नसतो, व्हीएमच्या बाकीच्या फाइल्समध्ये असतो. नुसती डिस्क नेली की किल्ली मागे राहते. ४८ आकडी रिकव्हरी की बहुधा त्याच अकाउंटमध्ये सापडेल. जाण्याआधी मात्र जुन्या ठिकाणी एन्क्रिप्शन बंद करणं किंवा की कागदावर उतरवून घेणं, दोन्हीतलं एक करायलाच पाहिजे.

लायसन्सचं काय?

विंडोजला बदललेलं हार्डवेअर दिसतं, ॲक्टिव्हेशन जाऊ शकतं. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स सहसा त्या मशीनपुरतंच असतं. मॅकओएस ॲपलच्याच हार्डवेअरवर चालवायची परवानगी आहे.

एम सिरीजच्या मॅकवर माझी जुनी विंडोजची डिस्क चालेल?

व्हर्च्युअलायझेशनने नाही. तो प्रोसेसर आर्मचा, डिस्कमधली विंडोज एक्स८६ ची. क्यूईएमयू किंवा यूटीएममध्ये एम्युलेशन (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल) करता येतं पण खूप संथ. एखादी जुनी फाइल काढण्यापुरतं ठीक.

मला ओएस चालवायचीच नाही, आतले फोटो तेवढे पाहिजेत.

मग बूटच्या भानगडीत पडूच नका. विंडोज ८ पासून पुढे व्हीएचडीवर डबल क्लिक केलं की ड्राइव्ह म्हणून उघडते. लिनक्समध्ये गेस्टमाउंट जवळजवळ सगळे फॉरमॅट उघडतं, रीड-ओन्ली पर्याय लावूनच उघडा. चालू असलेल्या व्हीएमची डिस्क बाहेरून कधीही माउंट करू नका, दोन ओएस एकाच फाइल सिस्टिमवर लिहायला लागल्या की सगळा चुराडा होतो.

कॉपी नीट झाली हे कसं ओळखायचं?

साठ-सत्तर जीबीची फाइल कॉपी होताना एखादा बाइट इकडचा तिकडे झाला तर लगेच कळत नाही, तीन आठवड्यांनी कुठलीतरी फाइल उघडत नाही तेव्हा कळतं. दोन्हीकडे एसएचए-२५६ (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठसा) काढा, विंडोजवर सर्टयुटिल, लिनक्सवर एसएचए२५६सम, आणि दोन्ही सारखे आले की मगच मूळ फाइलचा विचार करा. लिनक्सवर रॉ फाइल असेल तर आणखी एक, ती स्पार्स असते, १०० जीबी दिसते आणि जागा १२ खाते, पण एक्सफॅटच्या ड्राइव्हवर टाकली की खरोखर १०० होते. तिला आधी क्यूकाऊ२ करून घ्या. मी फाइलच्या शेजारी एक साधी टेक्स्ट फाइलही ठेवतो, तिच्यात चारच ओळी : बायॉस की यूईएफआय, कंट्रोलर कुठला, पेरेंट आहे का, टीपीएम होता का. दोन वर्षांनी ती डिस्क परत जोडायची वेळ येते तेव्हा या चार ओळींवरूनच पाच मिनिटांत चालू होते.